वहिनी, प्रथम वर्ष जी.एन.एम.

आमच्या वहिनींनी सोळा वर्षं काय केलं, हे नर्सिंग कॉलेजला स्टॅम्पपेपरवर लिहून हवं होतं.

याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. बारावीनंतरची वर्षं कुठे गेली, त्या काळात दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाव घातलं नव्हतं ना, पोलिसांत काही नाही ना, हे सगळं नोटरीपुढे शपथेवर सांगायचं. मिरजेत कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "कारण काय घालू?" वहिनी सांगायला लागल्या. लग्न झालं, वर्षात मुलगा झाला. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, अर्धांगवायू झाला, त्यांचं पाच वर्षं अंथरुणातच सगळं केलं. नणंदेची दोन बाळंतपणं. ह्यांचं अपेंडिक्स. सासूबाईंचे गुडघे, आधी डावा, मग उजवा. कोविडात घरातले सगळे पॉझिटिव्ह आणि वहिनी एकट्या निगेटिव्ह, म्हणजे पुन्हा त्यांच्यावरच. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टायपिस्टकडे मान वळवली. "घरगुती कारणास्तव," ते म्हणाले.

"तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं हो," हे वाक्य वहिनी कित्येक वर्षं ऐकत आल्या होत्या. अण्णांना सलाईन लावायला घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले, शेजारच्या काकू तर वहिनींकडून बी.पी. बघून घेताना दर खेपेला म्हणत. अशी वाक्यं आपणही पुष्कळांना ऐकवतो. बरं गाणाऱ्याला 'रेडिओवर जायला हवं होतंत', बरं भांडणाऱ्याला 'वकील व्हायला हवं होतंत'. ऐकणारा लाजतो, म्हणणारा चहा संपवतो, विषय मिटतो. वहिनींनी विषय मिटू दिला नाही, एवढाच त्यांच्यात आणि इतरांत फरक.

तसं मिरजेत राहून नर्सिंग मनात येणं यात नवल नाही. 1894 साली विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी इथे दवाखाना काढला, तेव्हापासून गाव दुसऱ्यांच्या दुखण्यावर जगत आलंय. स्टेशनवर उतरलात की रिक्षावाला 'कुठं जायचं' असं विचारत नाही, 'कुठल्या डॉक्टरकडं' असं विचारतो. सतारीही बनतात इथे, नाव आहे त्यांचं. पण सतार घ्यायला माणूस आयुष्यात एकदाच येतो.

नियम असा की जी.एन.एम. या नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश घ्यायचा तर वय 17 ते 35. वहिनींचा पस्तिसावा वाढदिवस येत्या जानेवारीत होता. म्हणजे हे वर्ष हुकलं की कायमचंच हुकलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मालगाडीवर गार्ड. रेल्वेने 2022 साली गार्डांचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तरी गाडी सुटायला लागणारा वेळ तोच राहिला. त्यामुळे सुटण्या-न सुटण्याचं महत्त्व त्याला कुणी सांगायला नको. "यंदा वय बसतंय?" एवढंच त्याने विचारलं. "बसतंय." "मग सिग्नल आहे तोवर काढ."

आईच्या परवानगीला फ्लॉरेन्स नाइटिंगेल लागल्या. वहिनींनी कुठूनतरी वाचून ठेवलं होतं. "आई, त्या बाईंचा जन्म 1820 चा. क्रिमियाच्या युद्धावर गेल्या 1854 मध्ये. करा वजाबाकी."

आईने केली. "चौतीस. पण तिला पोरंबाळं होती का?"

"लग्नच नव्हतं केलं त्यांनी."

"मग!"

या 'मग'पुढे फ्लॉरेन्सबाईंचा दिवा विझला. तेव्हा वहिनींनी सावित्रीबाईंना काढलं. 1897 सालचा पुण्याचा प्लेग, हडपसरजवळ मुलाने, यशवंतरावांनी उघडलेला दवाखाना, आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तिथे रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. आई बराच वेळ वाती वळत बसली. मग म्हणाली, "बघ बाई. प्लेगाच्या वॉर्डात तेवढं जाऊ नकोस." याचा अर्थ बाकीचे सगळे वॉर्ड मंजूर, असा वहिनींनी घेतला.

उशिरा शिकायला लागलेला माणूस वर्गात लांबून ओळखू येतो. त्याच्या वह्यांना खाकी कव्हर असतं, कव्हरावर लेबल असतं, लेबलावर नाव दोन रंगांत असतं. त्याच्याकडे एक पेन जास्तीचं असतं आणि ते शेजारीण मागायच्या आधीच तो पुढे करतो. तरुण मुलं बापाच्या पैशाने शिकतात. वहिनींची फी दादाने रेल्वेच्या सोसायटीतून कर्ज काढून भरलेली. त्यामुळे तास बुडाला की किती रुपये बुडाले हे त्यांना तोंडपाठ. टीचर आल्या नाहीत की बाकीच्या पोरी कॅन्टीनला पळत, आणि वहिनी होस्टेलवर जाऊन टीचरांनाच "ताप किती आहे? काही खाल्लंत का?" असं विचारून येत. पोरींना याचा फार राग यायचा. अशाने टीचर दुसऱ्या दिवशी बऱ्या होत.

वर्गात सगळ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली. कुणी नंदुरबारची, कुणी परभणीची, कुणी गडहिंग्लजची. वहिनींच्या जोडीला आणखी एकच मोठं माणूस होतं, आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं लसी टोचून आलेल्या एक ए.एन.एम. बाई. त्यांना वयाची अट नाही, ए.एन.एम. असेल तर कोणत्याही वयात जी.एन.एम. करता येतं, तसा नियमच आहे. या दोघी पहिल्या बाकावर. मागच्या बाकांवरून त्या बाकाला 'सीनियर सिटिझन' असं नाव पडलं. त्याच मुली दुपारी डबा उघडायची वेळ झाली की सीनियर सिटिझनच्या भोवती कोंडाळं करून बसत, कारण वहिनींचा डबा चार पुडांचा असे आणि होस्टेलच्या आमटीबद्दल न बोललेलंच बरं.

टीचर सव्वीस वर्षांच्या. त्यांची पंचाईत वेगळीच. बाकी वर्गाला 'तू', वहिनींना 'तुम्ही'. शिव्या द्यायच्या तर कशा? "काल कुणीही प्रोसिजर लिहून आणलेली नाही! लाज वाटते का? उभ्या राहा सगळ्या! तुम्ही बसा हो." वहिनी मुद्दाम उभ्या राहायच्या. मग टीचरही अवघडून उभ्याच राहायच्या, आणि अख्खा तास उभ्याने व्हायचा.

प्रवेशाच्या कागदांत रॅगिंग करणार नाही असं एक हमीपत्र असतं आणि त्यावर पालकाची सही लागते. दादाने ते दोनदा वाचलं आणि सही करताना विचारलं, "हे घरालाही लागू आहे का?" पालक सभेला आई गेली. टीचर म्हणाल्या, "अभ्यासात चांगल्या आहेत, पण वर्गात बोलतात फार." आई म्हणाली, "बोलू द्या हो. घरी तिला वेळच मिळत नाही."

खरा तंटा झाला तो बांगड्यांवरून. वॉर्डात हात कोपरापर्यंत मोकळे हवेत. बांगडी नको, अंगठी नको, घड्याळही मनगटावर नको. सवाष्णीने भुंड्या हातांनी घराबाहेर पडायचं म्हणजे आईच्या दृष्टीने दादाच्या मालगाडीलाच धोका. वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी आईला मोरीपाशी नेलं आणि हात धुवायला शिकवलं. तळव्याला तळवा, मग पालथा हात, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठा फिरवून, मग नखं तळव्यावर घासून. सगळं मिळून चाळीस ते साठ सेकंद. आईने पाटल्या-बांगड्यांसकट करून पाहिलं. बेचक्या स्वच्छ झाल्या, पण पाटलीखाली साबणाचा फेस आणि फेसाखाली सकाळची कणीक. आई कणकेकडे बघत राहिली. "हे रोज असंच जातं की काय पोटात?" तिने विचारलं. त्या दिवसापासून तडजोड अशी झाली की बांगड्या वॉर्डाच्या दारापर्यंत, दारात डबीत, आणि परत निघताना पुन्हा हातात. आई स्वतः मात्र कणीक मळायच्या आधी पाटल्या काढू लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'बेचक्या धुतल्या का' विचारू लागली.

मग घराचाच वॉर्ड झाला. स्वयंपाकघरात चार रंगांचे डबे आले. पिवळा, लाल, निळा, पांढरा. दवाखान्यात पिवळ्यात रक्ताने भरलेला कापूस जातो, लाल डब्यात प्लास्टिकच्या नळ्या, निळ्यात काचेच्या बाटल्या, पांढऱ्यात सुया आणि पाती. आमच्याकडे पिवळ्यात भाजीची देठं, लाल डब्यात दुधाच्या पिशव्या, निळ्यात फुटलेली कपबशी. पांढऱ्यात दादाचं दाढीचं ब्लेड. दादाने एकदा ब्लेड चुकून पिवळ्यात टाकलं तर वहिनींनी त्याच्याकडून तो प्रसंग लेखी लिहून घेतला. वॉर्डात त्याला इन्सिडन्ट रिपोर्ट म्हणतात. रेल्वेत जन्म गेल्यामुळे दादाने तो फार सुंदर लिहिला, दोष पूर्णपणे पांढऱ्या डब्याच्या जागेवर ढकलला.

सोफ्यावर रेलून टी.व्ही. बघणारा दादा त्यांच्या लेखी 'सेमी-फाउलर पोझिशन'मध्ये असे. पुतण्या चहा पिऊन गेला की मागून वहीत नोंद, इनटेक 150 मि.ली. आऊटपुटचा प्रश्न त्या कुणापुढेही विचारत. मला एक स्थळ बघायला आलं होतं. मुलीचे वडील पोहे जपून खात होते. वहिनींनी काळजीने पुढे वाकून विचारलं, "मोशन नियमित होतं ना?" स्थळ फिरलं. त्यात मोशनचा हात किती आणि माझ्या पगाराचा किती, हे अजून ठरायचं आहे.

दुसऱ्या सत्रात केअर प्लॅन आले. पेशंटचा त्रास काय, तो कशामुळे, आपण काय करणार, का करणार, आणि केल्यावर काय झालं, अशी रकाने पाडून करायची नोंद. वहिनींना हा प्रकार इतका आवडला की त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा करून टाकला. दादाचा मी चोरून वाचला. 'पोषणातील असमतोल: गरजेपेक्षा जास्त. संबंधित कारण: रात्री दहानंतर भडंग.' आईचा: 'गुडघेदुखी. तीव्रता शून्य ते दहा या पट्टीवर मी विचारते तेव्हा चार, नणंदेचा फोन आला की नऊ.' माझ्या नावापुढे फक्त एकच ओळ होती: 'निरीक्षण चालू ठेवावे.'

श्वास मोजण्याचा एक नियम आहे. पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस श्वास घ्यायचा म्हणून घ्यायला लागतो आणि आकडा चुकतो. म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर हळूच छातीवर ठेवायची. एका संध्याकाळी दादा लांबची ड्यूटी करून येऊन आडवा झाला होता. वहिनी जवळ येऊन बसल्या, त्याचा हात हातात घेतला आणि काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिल्या. रेल्वेत आणि संसारात मिळून दादाला असं कुणी कधी बघितलं नव्हतं. त्याला गहिवरून आलं. त्याने डोळे मिटून घेतले. मिनिटभराने वहिनी म्हणाल्या, "अठरा. नॉर्मल." वहीत आकडा टिपला आणि भाजी परतायला गेल्या. हे दादाने मला सांगितलं तेसुद्धा बऱ्याच महिन्यांनी, आणि सांगतानाही तो जरा दुखावलेलाच होता.

इंजेक्शनचा सराव मोसंब्यांवर. घरात तेवढे दिवस मोसंबी नुसती पाणचट लागत.

पुतण्या त्या वर्षी दहावीला. म्हणजे एका टेबलाच्या दोन बाजूंना मायलेकरं. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात हृदयाची आकृती, हिच्याही पुस्तकात हृदयाचीच, फक्त हिच्या हृदयाला नावं इंग्रजीत आणि दुप्पट. स्फिग्मोमॅनोमीटर हा शब्द वहिनींनी कांदा चिरता चिरता पाठ केला, एका कापाला एक अक्षर. गणित मात्र अडायचं. 500 मि.ली. सलाईन चार तासांत संपवायचंय, सेटमधून एका मिलीला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? पुतण्याने मांडून दाखवलं. दहा हजार भागिले दोनशे चाळीस, म्हणजे जवळपास बेचाळीस. "आई, हे सहावीचं आहे गं!" तो वैतागला. वहिनी पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागल्या. "सहावीत चुकलं तर मार्क जातो रे," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्याने कधी सहावी काढली नाही.

वहिनींचा आणि पुस्तकाचा खरा सामना झाला तो बेडसोअरच्या धड्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात त्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, अंग ओलं राहू द्यायचं नाही. टीचर सांगत होत्या आणि वहिनी पुढचं पुढचं सांगत होत्या. टाचेखालची उशी सरकली की पहिली तिथेच लाल होते. माणूस जाड असला तर एका हाताने नाही, चादरीने ओढून वळवायचा. टीचरांनी शेवटी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" वहिनी म्हणाल्या, "सासऱ्यांच्या."

ते खरंच होतं. अण्णा पाच वर्षं पडून होते आणि त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. दादाचं रेल्वेचं घड्याळ दर दोन तासांनी वाजायचं, वाड्यातली कुत्रीसुद्धा त्या वेळेला कूस बदलायची. पण त्याच धड्यात पुढे असंही होतं की लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, त्याने आतलं आणखी बिघडतं. वहिनी तर तिथेच पावडर लावून चोळत असत, तेही मनापासून. त्यांनी तास संपेपर्यंत पुढे काही सांगितलं नाही. घरी आल्या त्या थेट अण्णांच्या फोटोपुढे गेल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "मामंजी, ते चोळणं चुकीचं होतं. नवीन पुस्तकात आलंय." मग आईकडे वळून, "तुम्हीच सांगितलं होतं चोळायला." आई म्हणाली, "मला कुठं पुस्तक दिलं होतं कुणी?"

मला वाटतं, उशिरा शिकणाऱ्याचा खरा अभ्यास इथेच सुरू होतो. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं. यांना आधीचं वाचून दाखवावं लागतं, त्यातलं खरं ठेवावं लागतं, आणि उरलेलं पुसताना कुणाच्यातरी फोटोची परवानगी काढावी लागते.

वॉर्डात गेल्यावर चेहरा आणि युनिफॉर्म यांचा मेळ बसेना. नातेवाईक चेहरा बघून त्यांना मेट्रन समजत आणि पंख्यापासून बिलापर्यंतच्या तक्रारी सांगत. जवळ आल्यावर एप्रन बघून कळे की ही तर स्टुडंट. मग तेच लोक "मावशी, जरा पॉट द्या" म्हणत. एखादी पोरगी अशाने रुसून बसली असती. वहिनी पॉट देत. देताना पडदा ओढत, पांघरूण टाकत, परत येऊन हात धुवत, साठ सेकंद, आणि मग वहीत टिकही करत, कारण पॉट देणं प्रथम वर्षाच्या प्रोसिजरमध्ये होतं. मेट्रन म्हणून ऐकलेल्या तक्रारीही त्या वाया घालवत नसत. इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन एकेक करून पोहोचवत. इन्चार्ज सिस्टर त्यांना येताना पाहिलं की स्टोअरमध्ये कापूस मोजायला जात.

पहिल्यांदा मोठं ड्रेसिंग उघडताना बघून मागे उभ्या असलेल्या मुली पटापटा घेरी येऊन बसल्या. वहिनींनी एकेकीला आडवं केलं, पाय उंच धरले, शुद्धीवर आल्यावर पाणी पाजलं, एकीची वेणी परत घातली. सर्जन मास्कमधून म्हणाले, "या सिस्टर कुठल्या वॉर्डच्या?" "प्रथम वर्ष," कुणीतरी सांगितलं. सर्जननी पेशंटऐवजी वहिनींकडेच एकदा नीट बघून घेतलं.

मिरजेला पुष्कळ पेशंट सीमेपलीकडून येतात. अथणीची, रायबागची म्हातारी माणसं, बोलतात फक्त कन्नड. नंदुरबारची पोरगी घाबरून खुणा करू लागे, पेशंट त्याहून घाबरून खुणा करू लागे, आणि दोघांच्या खुणा जुळत नसत. वहिनींचं माहेर कागवाडचं. "एल्ली नोवु?" एवढं त्यांनी विचारलं की म्हातारी दुखणं कुठे आहे हे सांगून थांबत नसे, सुनेचं, जमिनीचं, उसाच्या बिलाचं सगळं सांगे. वहिनी बी.पी.चा पट्टा बांधून ऐकत. "बी.पी. कशाने वाढलंय ते कळलं," त्या टीचरांना म्हणाल्या, "धाकटा मुलगा वाटणी मागतोय." टीचरांनी हे केसशीटमध्ये लिहू दिलं नाही. वहिनींनी ते केअर प्लॅनमध्ये 'संबंधित कारण' म्हणून घातलं आणि त्यावर मार्क मिळवले.

इन्टर्न डॉक्टरांना त्या 'सर' म्हणत, पण रात्री तीननंतर ते टिकत नसे. "सर, बेड नंबर सातचं सलाईन संपलंय. आणि तू काही खाल्लंस का रे बाळा?" स्टेथोस्कोप गळ्यात अडकवलेला तो तेवीस वर्षांचा मुलगा मान हलवून नाही म्हणे. मग डब्यातून भडंग निघे. दादाला रात्री दहानंतर बंद केलेलं भडंग ते हेच. त्याच्या बदल्यात इन्टर्न त्यांना ई.सी.जी. वाचायला शिकवत. वर्गातल्या मुली अजून त्या रेघांकडे भूकंप म्हणून बघत होत्या, तेव्हा वहिनी दुरून सांगत, "हा नीट चाललाय."

तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आल्या, वहिनींहून चार-पाच वर्षांनी लहान. वहिनी दार ढकलून आत आल्या तशा त्या खुर्चीवरून उठल्या. "या मॅडम, या. बसा. कॉलेजकडून आलात ना?" कॉलेजकडूनच आल्या होत्या हे खरं. बसल्या. परीक्षकबाईंनी चहा सांगितला, यंदाची बॅच फार कच्ची आहे म्हणाल्या, मुलींना साधी प्रसूतीच्या तिसऱ्या टप्प्याची व्याख्या येत नाही. वहिनींनी व्याख्या सांगितली. वार सुटल्याची लक्षणं सांगितली, रक्तस्राव जास्त झाला तर आधी काय, मग काय, तेही सांगितलं. "बघा! तुम्ही-आम्ही शिकलो तेव्हाचं शिक्षणच वेगळं," परीक्षकबाई हळहळल्या आणि हॉलतिकिटांचा गठ्ठा पुढे ओढला. "चला, पुढची कोण आहे?" वहिनींनी वरचं हॉलतिकीट फिरवून त्यांच्यासमोर धरलं. त्यावर फोटो होता.

फर्स्ट क्लास मिळाला. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली आणि नावापुढे आर.एन.आर.एम. अशी चार अक्षरं आली. ती लावलेली पितळी पाटी दादाने स्वतः ठोकली, स्वतःच्या 'ट्रेन मॅनेजर'च्या वर. आता त्या इथल्याच एका खाजगी आय.सी.यू.त स्टाफ नर्स आहेत. सरकारी अधिपरिचारिकेच्या जागेला खुल्या प्रवर्गातून वयाची मर्यादा 38, म्हणजे पुन्हा एकदा जानेवारीशी शर्यत. जाहिरात येईल तेव्हा येईल. दादा म्हणतो, "गाडीला मी लाल झेंडी दाखवू शकतो, वयाला कशी दाखवू?" आणि तरी रोज पेपरातला जाहिरातींचा भाग तोच आधी वाचतो.

घरात आता दोन ड्यूटी लिस्टा आहेत, रेल्वेची आणि आय.सी.यू.ची, फ्रिजला शेजारी शेजारी चिकटवलेल्या. दोघांची नाइट एकदम आली की आई खूष असते, घर तिच्या ताब्यात. नाहीतर एकजण जाताना दुसऱ्यासाठी हँडओव्हर ठेवून जातो. 'आईंची गोळी दिली आहे. वरण गरम करणे. दूधवाल्याचे पैसे पेंडिंग. पेशंट नंबर दोन (भाऊजी) सकाळपासून जेवलेले नाहीत, निरीक्षण चालू ठेवावे.' मागच्या आठवड्यात त्याच कागदाखाली पुतण्याने चार ओळी लिहिल्या. बारावी झाली त्याची. इंजिनिअरिंगच्या फॉर्मची आम्ही वाट बघत होतो आणि त्याने लिहिलं होतं की त्याला नर्सिंगला जायचंय.

वहिनी नाइट करून आल्या, कागद वाचला, केसांची जाळी काढली आणि त्याला समोर बसवलं. आम्हाला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार.

"नीट विचार केलायस का?" त्या म्हणाल्या. "अठरा म्हणजे काय वय आहे का रे नर्सिंगचं? झेपायचं नाही तुला. जरा संसार कर, सासूसासऱ्यांचं कर, पोरं वाढव, आणि मग ये."